सिरॉसिसमधले रक्त : पातळ की घट्ट?

यकृताच्या सिरॉसिसचे निदान झालेल्या घरात एक फाइल असते. सोनोग्राफीचे, रक्ततपासणीचे, दुर्बिणीच्या तपासणीचे कागद तीत तारखेनुसार लावलेले असतात आणि त्यांतील एखाद्या आकड्याखाली कोणीतरी पेनाने रेघ ओढलेली असते. हा आकडा बहुधा ‘पीटी-आयएनआर’चा असतो. निरोगी माणसात तो १ च्या आसपास असतो. सिरॉसिसच्या रुग्णात तो १.६, १.८, कधी २ च्याही पुढे जातो. ‘रक्त पातळ झाले आहे’ असे कोणीतरी सांगते आणि त्या एका वाक्यावर घरातले पुढचे निर्णय ठरू लागतात.

हे निर्णय सामान्यतः दोन प्रकारचे असतात. रक्त पातळच आहे, तेव्हा गुठळीची भीती नाही, असे समजून एका पायाला आलेल्या सुजेकडे दुर्लक्ष होते. किंवा रक्त पातळ आहे म्हणून रक्तस्राव थांबवणाऱ्या गोळ्या घरात आणून ठेवल्या जातात आणि हिरडीतून थोडे रक्त दिसले की त्या सुरू होतात. दोन्ही गोष्टी काळजीपोटी केलेल्या असतात आणि दोन्हींमुळे रुग्णावर संकट येऊ शकते. याचे कारण असे की आयएनआरचा आकडा रक्ताच्या कारभाराची एकच बाजू दाखवतो. रक्त गोठवणारी प्रथिने जशी असतात, तशीच गोठलेले रक्त पुन्हा विरघळवणारीही प्रथिने असतात. त्यांच्याविषयी घरात फारसे कोणी बोलत नाही. आजच्या लेखात प्रामुख्याने त्यांचीच ओळख करून घेऊ.

गुठळी बांधणारे आणि गुठळी सोडवणारे

भाजी चिरताना बोट कापते, थोडे रक्त येते आणि काही मिनिटांत थांबते. या काळात रक्तातील प्लेटलेट नावाच्या सूक्ष्म चकत्या जखमेवर जमतात आणि रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून फायब्रिनचे धागे तयार होतात. धाग्यांची जाळी प्लेटलेटना व रक्तपेशींना धरून ठेवते. तेरावा घटक नावाचे आणखी एक प्रथिन त्या धाग्यांना एकमेकांशी गाठी मारते आणि जाळी पक्की होते.

ही जाळी कायम राहण्यासाठी नसते. घराची डागडुजी करताना गवंडी परांची बांधतो आणि भिंत तयार झाली की ती उतरवतो. शरीरही जखम भरत आली की गुठळी उतरवू लागते. त्यासाठी रक्तात प्लाझमिनोजेन नावाचे प्रथिन सदैव फिरत असते. ते एरवी निष्क्रिय असते. रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तरातून ‘टीपीए’ नावाचा पदार्थ स्रवतो. तो गुठळीवर बसलेल्या प्लाझमिनोजेनचे रूपांतर प्लाझमिनमध्ये करतो आणि प्लाझमिन फायब्रिनचे धागे कातरते. हृदयविकाराच्या किंवा पक्षाघाताच्या झटक्यात गुठळी विरघळवण्यासाठी जे इंजेक्शन देतात, त्यांतील काही औषधे याच टीपीएची प्रयोगशाळेत तयार केलेली रूपे आहेत.

कातरणाऱ्याला आवर घालणारेही हवेत. अल्फा-२ अँटिप्लाझमिन हे प्रथिन मोकळ्या प्लाझमिनला जागच्या जागी निकामी करते. ‘पीएआय-१’ हे टीपीएला अडवते. ‘टॅफी’ या लघुनामाने ओळखले जाणारे तिसरे प्रथिन फायब्रिनच्या धाग्यांवरील प्लाझमिनोजेन बसण्याच्या जागा काढून टाकते, त्यामुळे गुठळी अधिक काळ टिकते.

या मंडळींपैकी प्लाझमिनोजेन, अँटिप्लाझमिन आणि टॅफी ही प्रामुख्याने यकृतात तयार होतात. टीपीए यकृतात तयार होत नाही, परंतु रक्तातून त्याचा निचरा यकृतच करते, तोही काही मिनिटांत. म्हणजे गुठळी सोडवण्याच्या या खात्यात माल तयार करणे आणि जास्तीचा माल उचलून नेणे, ही दोन्ही कामे यकृताकडे आहेत.

सिरॉसिसमध्ये नेमके काय बिघडते

सिरॉसिस म्हणजे यकृताची मऊ, कार्यक्षम ऊती हळूहळू नष्ट होऊन तिच्या जागी कठीण व्रणऊती तयार होणे. मद्य हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले कारण. पण हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मधुमेह व स्थूलपणाबरोबर येणारी यकृतातील चरबी, शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच यकृतावर केलेला हल्ला, हीदेखील महत्त्वाची कारणे आहेत. आयुष्यात दारूचा थेंब न घेतलेल्या आजींना सिरॉसिस झाला की घरच्यांना ते खरे वाटत नाही, आणि गावात नको ती कुजबुज सुरू होते. अमिताभ बच्चन यांचे उदाहरण अशा वेळी उपयोगी पडते. १९८२ साली ‘कुली’च्या चित्रीकरणातील अपघातानंतर त्यांना अनेक दात्यांचे रक्त द्यावे लागले आणि त्यातून हिपॅटायटिस बी शरीरात शिरला. यकृताचा सुमारे तीन चतुर्थांश भाग निकामी झाल्याचे त्यांनी स्वतः अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. २०१७ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना दक्षिण-पूर्व आशियासाठी हिपॅटायटिसविषयक सदिच्छादूत नेमले. उरलेल्या एक चतुर्थांश यकृतावर माणूस कामात राहू शकतो, हे यातून दिसते. यकृताजवळ मोठी शिल्लक असते. ती संपत आली की मात्र प्रथिनांच्या उत्पादनाला ओहोटी लागते.

मग गुठळी सोडवण्याच्या खात्याची घडी विस्कटते. टीपीएचा निचरा मंदावतो आणि ते रक्तात साचू लागते. त्याला व त्याने निर्माण केलेल्या प्लाझमिनला आवर घालणारी अँटिप्लाझमिन व टॅफी ही प्रथिने कमी पडतात. गाठी मारणारा तेरावा घटकही घटतो, त्यामुळे जाळी मुळातच सैल विणली जाते. या तिन्हींचा परिणाम एकाच दिशेने होतो : गुठळी तयार होते, पण वेळेआधी विरघळते.

हे निरीक्षण शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकेतील वैद्यकशास्त्रज्ञ अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी १९१४ साली सिरॉसिसच्या रुग्णांचे रक्त नळीत गोठू दिले आणि शरीराच्या तापमानाला ठेवले. निरोगी माणसाच्या रक्ताची गुठळी टिकून राहिली. या रुग्णांची गुठळी काही तासांत पुन्हा पातळ झाली. रक्त गोठत नाही ही एक तक्रार आणि गोठलेले रक्त टिकत नाही ही दुसरी, हा भेद तेव्हापासून वैद्यकाला माहीत आहे.

तथापि गोष्ट इथे संपत नाही. ज्या प्लाझमिनोजेनपासून प्लाझमिन व्हायचे, तेही यकृतातच तयार होत असल्याने सिरॉसिसमध्ये घटते. टीपीएला अडवणारे पीएआय-१ अनेक रुग्णांत वाढलेले आढळते. कातर धारदार झाली, पण कातरी कमी झाल्या, असा हा प्रकार आहे. म्हणून सिरॉसिसच्या प्रत्येक रुग्णात गुठळी लवकर विरघळतेच असे नाही. आजार पुढे गेलेल्या, पोटात पाणी झालेल्या, कावीळ वाढलेल्या रुग्णांत तसे होण्याचा संभव अधिक असतो.

हलका झालेला तराजू

हीच कथा गोठवणाऱ्या बाजूची आहे. प्रोथ्रॉम्बिन आणि त्याच्या साथीचे बहुतेक घटक यकृतात तयार होतात व सिरॉसिसमध्ये कमी होतात. पोर्टल शिरेतील दाबामुळे प्लीहा मोठी होते, तिच्यात प्लेटलेट अडकून पडतात आणि रक्तातील त्यांची संख्या घटते. इतके वाचल्यावर रक्त पातळच झाले, असे वाटेल. परंतु रक्ताला नको तिथे गोठू न देणारी प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटिथ्रॉम्बिन ही प्रथिनेही यकृताचीच. तीही त्याच प्रमाणात घटतात. आठवा घटक आणि प्लेटलेटना चिकटायला मदत करणारा फॉन विलेब्रँड घटक हे दोन्ही रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तयार होतात. ते उलट वाढतात.

मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावर एका पारड्यात पन्नास किलो आणि दुसऱ्यातही पन्नास किलो ठेवले तर काटा स्थिर राहतो. मूठभर ज्वारी इकडची तिकडे झाली तरी फारसा हलत नाही. दोन्ही पारड्यांत पाच-पाच किलोच उरले तरी काटा मध्यावरच असतो, पण आता मूठभर दाण्यांनीही तो कलतो. सिरॉसिसमधले रक्त असे असते. समतोल आहे, पण तो नाजूक आहे. एखादा जंतुसंसर्ग, मूत्रपिंडाचा बिघाड, चुकीचे औषध, शरीरातील पाणी कमी होणे, यांपैकी काहीही झाले की तो रक्तस्रावाकडे किंवा गुठळीकडे झुकतो.

आयएनआर ही तपासणी यातले एकच पारडे मोजते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ साली ही पद्धत स्वीकारली, ती वॉरफेरिनसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णांची मात्रा ठरवण्यासाठी. प्रोटीन सी किती उरले, अँटिप्लाझमिन किती घटले, टीपीए किती साचले, यांपैकी काहीच तिला दिसत नाही. सिरॉसिसमध्ये वाढलेला आयएनआर यकृत किती थकले आहे हे चांगले सांगतो आणि म्हणूनच तो तज्ज्ञांना हवा असतो. रुग्णाला रक्तस्राव होईल की गुठळी, याचे भाकीत मात्र त्यावरून करता येत नाही. गुठळी बनण्यापासून विरघळण्यापर्यंतचा सगळा प्रवास आलेखाने दाखवणारी थ्रॉम्बोइलॅस्टोग्राफी नावाची तपासणी आहे. ती यकृतविकारांच्या मोठ्या केंद्रांत, विशेषतः शस्त्रक्रियेच्या वेळी, वापरली जाते.

रक्त जाते ते कुठून?

सिरॉसिसमधील सर्वांत भयंकर रक्तस्राव म्हणजे रक्ताची उलटी. तो मुख्यतः दाबाचा खेळ असतो. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर ज्यांची शेती आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. पुढची चारी गाळाने भरली की पाणी मागे तुंबते आणि जिथे भराव कच्चा असेल तिथून फुटते. आतड्यांकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात शिरते. यकृत कठीण झाले की ते मागे तुंबते आणि अन्ननलिकेच्या पातळ शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्त गोठवण्याची कितीही औषधे दिली तरी मुख्य दुरुस्ती दाबाची आणि फुटलेल्या शिरेचीच करावी लागते : दाब कमी करणारी औषधे, प्रतिजैविके आणि दुर्बिणीतून शिरेला रबरी कडी बसवणे. आयएनआरचा आकडा सुधारावा म्हणून प्लाझ्माच्या पिशव्या मागून पिशव्या चढवल्या तर शिरेतला दाब आणखी वाढू शकतो. ‘डॉक्टर प्लाझ्मा का लावत नाहीत?’ या नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर बरेचदा हे असते.

गुठळी अकाली विरघळल्याने होणारा रक्तस्राव वेगळा दिसतो. सकाळी दाढ काढली, कापसाचा बोळा दाबून धरला, रक्त थांबले, रुग्ण घरी आला. संध्याकाळी मात्र तोंडात पुन्हा रक्ताची चव येऊ लागते आणि उशीवर डाग पडतात. इंजेक्शन दिलेल्या जागी दुसऱ्या दिवशी मोठा काळानिळा डाग उमटतो. सलाइनची सुई काढलेल्या जागेतून बराच वेळ रक्त झिरपत राहते. आधी थांबलेले रक्त काही तासांनी पुन्हा सुरू होणे ही यातली खूण आहे. ही गोष्ट डॉक्टरांना वेळेसह सांगितली, तर त्यांना तिचा फार उपयोग होतो.

रक्त थांबवणारी गोळी

ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड हे औषध आता गावोगावच्या औषध दुकानांत मिळते. जपानमधील उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी ते १९६२ साली जगापुढे आणले. प्लाझमिनोजेनला फायब्रिनवर बसू न देणे हे त्याचे काम. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावात आणि अपघातात ते वेळेवर दिल्याने प्राण वाचतात, हे मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झाले आहे. मग सिरॉसिसमध्ये प्लाझमिनचा जोर वाढलेला असताना हे औषध रामबाण ठरावे, असे कोणालाही वाटेल.

प्रत्यक्षात तसे झाले नाही. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हॉल्ट-इट’ या अभ्यासात १५ देशांतील १२ हजारांहून अधिक रुग्ण सहभागी होते. सर्वांना अन्नमार्गात रक्तस्राव झाला होता आणि त्यांत यकृतविकाराचे रुग्ण मोठ्या संख्येने होते. निम्म्यांना हे औषध दिले, निम्म्यांना औषधविरहित द्रव. पाच दिवसांत रक्तस्रावाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत सुमारे ४ टक्केच राहिले. औषध घेतलेल्या गटात पायाच्या व फुप्फुसाच्या शिरांतील गुठळ्या आणि फिट येण्याचे प्रमाण मात्र जास्त आढळले. हलक्या तराजूच्या एका पारड्यात वजन टाकले, तर काटा दुसऱ्या टोकाला जातो, हे या अभ्यासाने दाखवून दिले. दंतवैद्य या औषधाचा बोळा दाढेच्या जागी ठेवतात किंवा चूळ भरायला देतात, ते योग्यच आहे. तिथे औषध जागेपुरते राहते. घरच्या घरी गोळ्या सुरू करणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती करू नये.

गुठळीही होते

सिरॉसिसच्या रुग्णांत पोर्टल शिरेत गुठळी होणे ही काही दुर्मिळ घटना नाही. तिथे रक्त संथ वाहते आणि संथ रक्त लवकर गोठते. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पायातील खोल शिरेतही गुठळी होऊ शकते, आयएनआर २ असला तरीही. अशा वेळी तज्ज्ञ डॉक्टर अन्ननलिकेची दुर्बिणीने तपासणी करून, फुगलेल्या शिरांचा बंदोबस्त करून, रक्त न गोठू देणारे औषध सुरू करतात. ‘रक्त आधीच पातळ आहे, त्यात आणखी पातळ करण्याचे औषध कशाला?’ असे वाटून घरचे लोक ते परस्पर बंद करतात. तराजूची दोन्ही पारडी ज्यांनी समजून घेतली, ते असे करणार नाहीत.

घरच्यांनी काय करावे

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, अचानक आलेली भोवळ किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सोनपेठ, पालम किंवा जिंतूरच्या एखाद्या वस्तीवरून रात्री निघायचे तर रस्त्यात वेळ जातोच. तो आधी घरात विचारविनिमय करण्यात घालवू नये. दुर्बिणीने उपचार होणारे जवळचे रुग्णालय कोणते, हे डॉक्टरांना आधीच विचारून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळसर होते. रुग्ण त्या घेत असेल तर तसे सांगावे, पण त्यावर विसंबून घरी थांबू नये.

दोन्ही पायांना सारखी सूज असेल तर ती बहुधा यकृताच्या आजारामुळे शरीरात साचलेल्या पाण्याची असते. एकाच पायाला सूज येऊन पोटरी दुखू लागली, किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. पोटात अचानक दुखू लागले किंवा पोटातले पाणी एकाएकी वाढले, तरीही. पोटात पाणी असलेल्या रुग्णाला ताप आला तर तो साधा ताप समजू नये; जंतुसंसर्गाने तराजू सर्वांत लवकर कलतो.

गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, असेक्लोफेनॅक, आयब्रुफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या देऊ नयेत. त्या जठराला व मूत्रपिंडाला इजा करतात आणि रक्तस्रावाला वाट करून देतात. पॅरासिटॅमॉल कमी मात्रेत चालते. ती मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. अंग दुखते म्हणून कमरेत इंजेक्शन टोचून घेण्याची सवय सोडावी. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर ते स्वतःहून बंदही करू नये आणि कोणाच्या सांगण्यावरून सुरूही करू नये. दाढ काढण्यापूर्वी, मोतीबिंदूच्या किंवा कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी सिरॉसिस असल्याचे आवर्जून सांगावे.

दारू पूर्ण बंद, यात सूट नाही. ज्यांचा आजार हिपॅटायटिस बी किंवा सीमुळे आहे, त्यांनी २०१८ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातील मोफत तपासणी व औषधांची चौकशी शासकीय रुग्णालयात करावी. विषाणू आवरला, दारू सुटली, वजन व साखर आटोक्यात आली, तर थकलेले यकृतही पुन्हा काही प्रमाणात कामाला लागते, आणि ही सारी प्रथिने बनवण्याची त्याची ताकद काही अंशी परत येते. त्यासाठी पोटात अन्न हवे. डाळ, दूध, दही, अंडी हे बंद करण्याची जुनी पद्धत आता मानली जात नाही. कमी मिठाचे, पुरेशा प्रथिनांचे जेवण आणि झोपण्यापूर्वी थोडे खाणे रुग्णाला मानवते.

फाइलमधल्या आयएनआरखाली रेघ ओढली असेल तर राहू द्यावी. त्याच्या शेजारी मात्र चालू असलेल्या सर्व औषधांची नावे, शेवटची दुर्बीण केव्हा झाली ती तारीख आणि रक्त कधी, कुठून व किती वेळ आले याची नोंद लिहावी. रात्री-अपरात्री अनोळखी डॉक्टरांसमोर उभे राहण्याची वेळ आली, तर त्यांना त्या एका आकड्यापेक्षा या चार ओळी अधिक उपयोगी पडतील.